एकोणीस एकांची संख्या आणि देवळालीचे कापरेकर मास्तर

स्मरणिकेत आठवणी असतात आणि त्या असायलाच हव्यात. बाक, फळा, घंटा, मैदान, सरांचा दरारा आणि बाईंची माया यांवर आपल्यापैकी अनेकांनी लिहिले असेलच. या लेखात मात्र एका संख्येचा इतिहास सांगायचा आहे. गणिताच्या तासाला ज्यांना घाम फुटायचा त्यांनीही घाबरू नये. बेरीज, गुणाकार, भागाकार आणि अवयव पाडणे एवढेच येथे लागणार आहे आणि ते आपल्या गुरुजनांनी आपल्याकडून पक्के करून घेतलेले आहे.

ती संख्या अशी:

१ १११ १११ १११ १११ १११ १११

एकापुढे एक मांडलेले एकोणीस एक. पाचवीतले मूलही ती लिहील. पण तिला कोणत्या संख्येने पूर्ण भाग जातो, हा प्रश्न सुटायला विसावे शतक उजाडावे लागले. आणि देवळालीच्या एका शाळामास्तरांनी आयुष्यभर ज्या संख्यांचा छंद केला, त्यांच्याशी या संख्येचे असलेले नाते स्पष्ट होण्यासाठी मास्तरांच्या निधनानंतरही चौदा वर्षे जावी लागली.

एकांची रांग

ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कशानेही पूर्ण भाग जात नाही ती मूळ संख्या, हे आपण शाळेत शिकलो. २, ३, ५, ७, ११, १३ अशी ही मालिका कधी संपत नाही, हे युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध केले. आता नुसते एक मांडून संख्या बनवू आणि त्यांतल्या मूळ कोणत्या ते पाहू. गणितात अशा संख्यांना रिपयुनिट म्हणतात. आपण त्यांना 'एकांच्या संख्या' म्हणू.

११ ही मूळ संख्या आहे. १११ म्हणजे ३ × ३७. ११११ म्हणजे ११ × १०१. १११११ म्हणजे ४१ × २७१. ११११११ म्हणजे १११ × १००१. येथे पहिली गोष्ट लक्षात येते. एकांची गणती संयुक्त असेल, तर संख्याही फुटतेच. सहा एकांचे तीन-तीनचे दोन गट पडतात आणि प्रत्येक गट १११ चा असल्यामुळे १११ ने भाग जातो. म्हणून एकांची संख्या मूळ असायची, तर एकांची गणतीही मूळ असावी लागते. पण तेवढ्याने भागत नाही. तीन आणि पाच मूळ असूनही १११ आणि १११११ फुटले.

सात एकांकडे पाहू. १११११११ चे अवयव शोधायला १०५४ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायची गरज नाही. नियम असा आहे की सात एकांच्या संख्येला भाग जाणारी मूळ संख्या १४ च्या पाढ्यातील संख्येत एक मिळवून आलेली असली पाहिजे. म्हणजे २९, ४३, ७१, ११३, १२७, १९७, २११, २३९ वगैरे. पहिल्या सात संख्यांनी भागून पाहा, प्रत्येक वेळी बाकी उरते. आठव्या वेळी, २३९ ने, पूर्ण भाग जातो आणि उत्तर येते ४६४९. हा भागाकार कागदावर करून पाहण्यासारखा आहे.

पुढे अकरा एकांची संख्या २१६४९ × ५१३२३९ अशी फुटते. तेरा एकांची ५३ × ७९ × २६५३७१६५३ अशी. सतरा एकांची २०७१७२३ × ५३६३२२२३५७ अशी. मग येतात एकोणीस एक.

एकोणिसाचा निकाल

एकोणीस एकांच्या संख्येचे वर्गमूळ १०५ कोटींच्या थोडे वर आहे. येथे भाजक ३८ च्या पाढ्यात एक मिळवून येणारेच असू शकतात. तरीही वर्गमूळापर्यंत असे सुमारे पावणेतीन कोटी उमेदवार निघतात. दर मिनिटाला एक भागाकार या गतीने, रात्रंदिवस न थांबता बसले, तरी बावन्न वर्षे पुरणार नाहीत. मग हे कोणी कसे ठरवावे?

वाट एकोणिसाव्या शतकातच मोकळी झाली होती. फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी दाखवले की एखादी संख्या मूळ आहे का हे पाहायचे असेल, तर तिच्याहून एकने लहान असलेल्या संख्येचे अवयव कामाला येतात. ते सगळे हाती असतील, तर कोट्यवधी भागाकार टाळून निर्णय देता येतो.

आता एकोणीस एकांतून एक वजा करा. अठरा एक आणि शेवटी शून्य उरते, म्हणजे दहा गुणिले अठरा एकांची संख्या. अठरा ही गणती संयुक्त असल्याने ती संख्या सहज फुटते. पूर्ण अवयव असे: २ × ५ × ३ × ३ × ७ × ११ × १३ × १९ × ३७ × ५२५७९ × ३३३६६७. अठरा एकांचे इतके तुकडे होतात म्हणूनच एकोणीस एकांचा अभंगपणा सिद्ध करता येतो.

१९१८ च्या सुमारास ऑस्कर होप्पे यांनी एकोणीस एकांची संख्या मूळ असल्याची सिद्धता दिली. साधारण दशकभरानंतर तेवीस एकांची संख्याही मूळ ठरली. त्यानंतर मोठी खिंड लागते. पुढची मूळ संख्या थेट ३१७ एकांची आहे. कॅनडातील ह्यू विल्यम्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती सिद्ध केली. विल्यम्स आणि हार्वे डबनर यांची १०३१ एकांची सिद्धता १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. ४९,०८१ एकांची संख्या १९९९ मध्ये 'बहुधा मूळ' म्हणून सापडली आणि तिच्यावर २०२२ मध्ये शिक्कामोर्तब झाले. अशा संख्या अनंत आहेत की कुठेतरी संपतात, हे अजून कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.

आकाराने पाहिले तर एकोणीस अंक आज काहीच नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मूळ संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत. दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात करून त्यातून एक वजा केला की ती मिळते. पण आपल्या एकोणीस एकांचे काही गुण असे आहेत की ते शाळेच्या वहीत मावतात.

त्यातला एक गुण आवर्ती दशांशाचा. १/७ चा दशांश काढला की १४२८५७ हे सहा अंक पुन्हा पुन्हा येतात. याचे कारण ९९९९९९ ला ७ ने भाग जातो आणि उत्तर १४२८५७ येते. १११११ चे अवयव ४१ आणि २७१, म्हणून १/४१ मध्ये ०२४३९ आणि १/२७१ मध्ये ००३६९ असे पाच-पाच अंक फिरतात. किती अंकांनंतर दशांशाची पुनरावृत्ती होते, हे एकांच्या संख्यांच्या अवयवांवर ठरते. जर्मन गणिती गाउस यांनी १८०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या शेवटी अशा दशांशांचा तक्ता दिला आहे. एकोणीस एकांची संख्या फुटत नसल्यामुळे एकोणीस अंकांनंतर पुनरावृत्ती करणारी मूळ संख्या जगात एकच आहे, ती स्वतः. तिचा व्यस्त काढला तर दशांश चिन्हापुढे अठरा शून्ये आणि एक नऊ, पुन्हा अठरा शून्ये आणि एक नऊ, असे चालत राहते.

मुंबईच्या वाटेवरचे देवळाली

आता महाराष्ट्रात येऊ. जालन्याहून मुंबईला रेल्वेने जाताना मनमाड लागते, नाशिक रोड लागते आणि लगेच देवळाली. मनमाडला गाडी बदलण्याचे दिवस आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असतील. पुढे घाट उतरून कल्याण गेले की डोंबिवली येते. या लेखातल्या इतिहासाची दोन ठिकाणे, देवळाली आणि डोंबिवली, त्याच रुळांवर आहेत.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आई लहानपणीच गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाची आवड होती. माध्यमिक शिक्षण ठाण्याला झाले आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. तेथे १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी मिळाली. पुढे पदव्युत्तर शिक्षण झाले नाही. १९३० मध्ये ते देवळालीला शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच शिकवत राहिले.

हा काळ डोळ्यांपुढे आणायचा तर आपल्याकडचे सन लावून पाहावेत. ते नोकरीला लागले तेव्हा आपला जालना हैदराबाद संस्थानात होता. १९४८ मध्ये मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. एवढी उलथापालथ होत असताना एक मास्तर एकाच गावात मुलांना गणित शिकवत होते आणि उरलेल्या वेळात पेन्सिलीने संख्यांशी झुंजत होते. जवळ संगणक नव्हता, हाताखाली संशोधक विद्यार्थी नव्हते, विद्यापीठाचे ग्रंथालय नव्हते. पुस्तिका छापायच्या तर त्यांतल्या अनेक पदराला खार लावूनच.

त्यांचे सर्वांत प्रसिद्ध काम ६१७४ चे. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तेथेच थांबते. आपला जिल्हा झाला ते साल घेऊ, १९८१. ९८११ मधून ११८९ वजा केले की ८६२२. पुढे ८६२२ मधून २२६८, उरले ६३५४. मग ६५४३ मधून ३४५६, उरले ३०८७. मग ८७३० मधून ०३७८, उरले ८३५२. मग ८५३२ मधून २३५८, उरले ६१७४. ही गोष्ट त्यांना १९४६ मध्ये सापडली आणि १९४९ च्या मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ती मांडली.

'स्वयंभू संख्या' ही कल्पनाही त्यांचीच. १५ मध्ये त्याचेच अंक १ आणि ५ मिळवले की २१ येतात, म्हणून १५ हा २१ चा जनक. २० ला मात्र असा जनकच नाही, म्हणून २० स्वयंभू. ३१, ५३ आणि ९७ या संख्या स्वयंभूही आहेत आणि मूळही.

डेमलो

एकांच्या संख्यांशी त्यांचा संबंध आला तो 'डेमलो' संख्यांमधून. हे नाव एका रेल्वे स्टेशनावरून पडले, ज्याला आपण आज डोंबिवली म्हणतो, आणि कल्पना त्यांना तेथेच सुचली, असे सांगितले जाते. त्यांचा या विषयावरचा लेख १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला.

डेमलो संख्येत तीन भाग असतात: डावा, मधला आणि उजवा. डावा आणि उजवा मिळवला की मधल्या भागातला अंकच पुन्हा पुन्हा येतो. १६५ मध्ये १ आणि ५ मिळून ६. ४७७७३ मध्ये ४ आणि ३ मिळून ७. या कुळातल्या सर्वांत देखण्या संख्या एकांच्या संख्यांचे वर्ग करून मिळतात. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. शेवटचीच घेऊ. मध्ये ४, डावीकडे १२३, उजवीकडे ३२१, बेरीज ४४४. नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. त्यात मध्ये ९ आणि दोन्ही बाजूंची बेरीज आठ नव्वे.

दहा एकांवर मात्र हातचे येऊ लागतात आणि मनोरा विस्कटतो. वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. पण तो विस्कटला तरी वाया जात नाही. उजवीकडचे दहा अंक वेगळे करा: ०९८७६५४३२१. डावीकडे उरले १२३४५६७९०. दोन्हींची बेरीज करा. पुन्हा दहा एक!

वर्ग करायचा, दोन तुकडे करायचे, बेरीज करायची आणि मूळची संख्या परत मिळाली पाहिजे. या गुणाच्या संख्यांना आज जग 'कापरेकर संख्या' म्हणते. ९ चा वर्ग ८१, ८ + १ = ९. ४५ चा वर्ग २०२५, २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ + २०९ = २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९, ४९४ + २०९ = ७०३.

छंद की गणित?

कापरेकरांच्या कामाकडे देशातल्या अनेक गणितज्ञांनी बराच काळ गंभीरपणे पाहिले नाही. 'हा संख्यांचा खेळ आहे, गणित नव्हे' असा तो सूर होता. या आक्षेपामागे आकस होता असे समजण्याचे कारण नाही, कारण त्याला एक तात्त्विक आधार होता. रामानुजनांना केंब्रिजला बोलावून घेणारे प्रा. हार्डी यांनी १९४० च्या आपल्या पुस्तकात असे मांडले होते की एखाद्या संख्येच्या अंकांच्या गमती कोडी म्हणून ठीक आहेत, पण खऱ्या गणितज्ञाला त्यांत काही सापडणार नाही, कारण त्यांतून कोणताही व्यापक नियम निघत नाही. अंक म्हणजे काय, तर आपण दहा बोटांवर मोजतो म्हणून पडलेली लिहिण्याची पद्धत. पद्धत बदलली की गंमत गेली.

१९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले आणि देवळालीच्या निवृत्त मास्तरांचे नाव जगभर गेले. तेव्हा त्यांचे वय सत्तर होते. पण कीर्ती मिळाली म्हणून आक्षेपाचे उत्तर मिळते असे नाही. ते गणितातूनच मिळायला हवे होते. कापरेकर १९८६ मध्ये गेले. २००० मध्ये डग्लस इयानुची यांनी एक लेख प्रसिद्ध केला आणि त्यात उत्तर होते.

ते उत्तर आठवीच्या बीजगणितात बसते. २०२५ म्हणजे २० × १०० + २५. तुकड्यांची बेरीज म्हणजे २० + २५. दोन्हींतला फरक २० × ९९. म्हणजे ४५ च्या वर्गातून ४५ वजा केले की ९९ ने भाग जाणारी संख्या उरते. वर्गातून तीच संख्या वजा करणे म्हणजे ४५ × ४४. तेव्हा नियम असा: एखादी संख्या आणि तिच्या आधीची संख्या यांच्या गुणाकाराला ९९ ने, ९९९ ने किंवा नऊंच्या अशाच एखाद्या रांगेने भाग गेला पाहिजे.

लागोपाठच्या दोन संख्यांत सामाईक अवयव नसतो. म्हणून नऊंच्या रांगेचे अवयव दोघींना वाटून घ्यावे लागतात. ९९ म्हणजे ९ × ११. यातला ९ घेतला ४५ ने आणि ११ घेतला ४४ ने. उलट वाटणी केली तर ५५ ने ११ घेतला आणि ५४ ने ९ घेतला. म्हणून ५५ हीसुद्धा कापरेकर संख्या, आणि ४५ + ५५ = १००. तसेच ९९९ म्हणजे २७ × ३७. २९७ मध्ये २७ आहे, २९६ मध्ये ३७ आहे. ७०३ मध्ये ३७ आहे, ७०२ मध्ये २७ आहे. आणि २९७ + ७०३ = १०००. वाटणी जितक्या प्रकारांनी होईल तितक्या कापरेकर संख्या, एकही कमी नाही की जास्त नाही. ९९९९९९ चे पाच गट पडतात: २७, ७, ११, १३ आणि ३७. त्यांची वाटणी ३२ प्रकारांनी होते. त्यातला १ हा क्षुल्लक प्रकार सोडला तर ३१ कापरेकर संख्या मिळतात. १/७ मधला आपला जुना ओळखीचा १४२८५७ त्यांतलाच.

हा युक्तिवाद दहावर अडून नाही. बारावर मोजा, दोनावर मोजा, अवयवांची वाटणी तशीच होते. म्हणजे हार्डींनी मागितलेला व्यापक नियम येथे होता. तो अंकांच्या मागे दडलेला होता. ६१७४ बद्दल असेच म्हणता येणार नाही, त्या गमतीचा बराचसा भाग दहाच्या पद्धतीशी बांधलेला आहे. पण कापरेकर संख्यांच्या बाबतीत मास्तरांचे डोळे योग्य जागी खिळले होते.

दोन वाटा एका ठिकाणी

आता शेवटची जोडणी. नऊंची कोणतीही रांग म्हणजे ९ गुणिले एकांची संख्या. म्हणून कापरेकर संख्या किती आणि कोणत्या, हे एकांच्या संख्येच्या मूळ अवयवांवर ठरते. होप्पे ज्या प्रश्नाचा पाठलाग करत होते तोच प्रश्न कापरेकरांच्या वहीच्या तळाशी होता, आणि दोघांच्या मध्ये एक समुद्र आणि काही दशके होती.

मग एकोणीस नव्वे घेऊन पाहू. एकोणीस एकांची संख्या फुटत नाही, म्हणून वाटायला दोनच गोष्टी आहेत: ९ आणि ती स्वतः. समजा आपल्या संख्येने एकोणीस एक घेतले. मग आधीच्या संख्येला ९ ने भाग गेला पाहिजे. एकोणीस एकांची संख्याच घेऊन पाहा. तिच्या आधीची संख्या म्हणजे अठरा एक आणि शून्य. तिच्या अंकांची बेरीज १८, म्हणून ९ ने भाग जातो. झाले! एकोणीस एकांची मूळ संख्या स्वतःच कापरेकर संख्या आहे. पडताळा घ्यायचा असेल तर वर्गाचे दोन तुकडे असे:

डावीकडे: १२३४५६७९० १२३४५६७९०
उजवीकडे: ० ९८७६५४३२० ९८७६५४३२१

बेरीज करा. एकोणीस एक परत येतात. दुसरी वाटणी केली तर अठरा आठ आणि शेवटी नऊ अशी संख्या मिळते. तिसरी संख्या म्हणजे एकोणीस नव्वे. बस, तीनच. सहा नवांना ३१ आणि एकोणीस नवांना फक्त तीन, कारण एक मूळ संख्या मध्ये ठाम उभी आहे.

कापरेकरांनी मोठ्या मूळ संख्येची सिद्धता दिली नाही आणि तसा दावाही करण्याचे कारण नाही. वाटणीचा सर्वसाधारण नियमही दुसऱ्याने सिद्ध केला. पण सिद्ध करण्याजोगे काहीतरी येथे आहे, हे आधी कोणाला तरी दिसावे लागते. ते त्यांना दिसले. लोक हसत असताना ते त्याला धरून राहिले आणि हाती आलेले सगळे छापून ठेवले.

आपल्यासाठी

ही शेवटची गोष्ट आपल्या शाळेच्या दृष्टीने मला महत्त्वाची वाटते. कापरेकरांचे काम टिकले ते त्यांच्या पुस्तिका कोणाच्या तरी कपाटात राहिल्या म्हणून. देवळालीतल्या पुस्तिका अमेरिकेतल्या लेखकापर्यंत पोहोचल्या आणि त्याने त्या उघडून पाहिल्या, एवढ्यावर त्यांची ओळख अवलंबून होती.

जालना जिल्ह्यातल्या शाळांतूनही अशी माणसे होऊन गेली आहेत. कोणी पाढे शिकवण्याची स्वतःची रीत बसवली, कोणी वर्षानुवर्षे पावसाची नोंद ठेवली, कोणी गावातले शब्द वहीत उतरवले, कोणी भूमितीच्या कोड्यांनी वह्या भरल्या. त्यांतले कोणते काम पुढे कोणाच्या कामाला येईल हे आज सांगता येत नाही. कापरेकर संख्यांचेही १९५० मध्ये कोणाला सांगता आले नसते. आपल्यापैकी कोणाकडे, किंवा आपल्या गुरुजनांच्या घरी, अशा वह्या असतील तर त्या रद्दीत जाऊ देऊ नका. शाळेच्या ग्रंथालयात एक कपाट त्यासाठी राखून ठेवता येईल. संमेलनाला आलेल्या प्रत्येकाने आपल्या एका शिक्षकाच्या घरी विचारपूस केली तरी बरेच हाती लागेल. वह्या देणे जमत नसेल तर मोबाइलवर पानांची छायाचित्रे काढून द्यावीत. पुढच्या पिढीतले कोणीतरी ती उघडून पाहील.

आणि गणिताचा लेख गृहपाठाशिवाय कसा संपेल? ९९९९ म्हणजे ९ × ११ × १०१. या तीन अवयवांच्या वाटणीतून सात कापरेकर संख्या मिळतात. त्यातली एक ९९९९. दुसरी ७७७७: वर्ग ६०४८१७२९, आणि ६०४८ + १७२९ = ७७७७. उरलेल्या पाच शोधायच्या आहेत. एक तर लगेच मिळेल, कारण या संख्यांच्या जोड्या असतात आणि जोडीची बेरीज १०,००० भरते. कॅल्क्युलेटर वापरायला हरकत नाही. पण नातवंडे जवळ असतील तर त्यांना कागद-पेन्सिल घेऊन बसवा. उत्तरे संमेलनाच्या दिवशी आपल्या गणिताच्या सरांना दाखवायची आहेत.